शिशीतलं मीठ

अण्णा,

तुमच्या अंगाला पॅराल्डिहाइडचा वास येत असे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. घरात आम्हाला त्याची सवय झालेली, आणि इस्पितळात तर सगळ्यांनाच तो येत होता. पिकून उतरलेल्या केळ्यांवर स्पिरिट ओतावं तसा काहीसा. ज्या रोग्याला ते गुंगीचं औषध पाजलं त्याच्या श्वासातून तो दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर पडत राही. तुम्ही दिवसभर त्या लोकांत वावरून सायकलवरून घरी आलात की तुमच्या आधी तो वास उंबऱ्यातून आत येई. आत्या म्हणायची, "दादा आला, भात उतरव." परवा कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेत आम्हा निवृत्त मास्तरणींना चहाला बोलावलं होतं. तिथल्या कुठल्याशा कपाटातून तसाच वास आला आणि मी पोह्यांची बशी हातात धरून तशीच उभी राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, तबियत ठीक आहे ना? मी म्हटलं, हो, वडील आले होते.

म्हणून हे लिहायला बसले आहे. रडायला नव्हे, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता रडले तर ते नाटक होईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

भैरवगडच्या वाटेवरचं ते वेड्यांचं इस्पितळ आणि त्यातली तुमची औषधखोली मला अजून जशीच्या तशी दिसते. लोक त्याला सरळ पागलखाना म्हणत, आणि तुम्हाला पागलखान्याचे कंपाउंडरसाहेब. याचं तुम्हाला वाईट वाटत नसे. खोलीला उत्तरेची एकच खिडकी, तिला हिरवा कागद लावलेला, कारण उन्हाने औषधं बिघडत. वरच्या फळीवर तपकिरी काचेच्या बाटल्यांत पॅराल्डिहाइड. त्याला रबराचं बूच चालत नसे, ते रबर खाऊन टाकी, म्हणून घासलेल्या काचेचं बूच. खालच्या फळीवर सर्पगंधेच्या मुळ्यांची भुकटी, तिचा कडूपणा खोलीत शिरल्या शिरल्या घशात जाणवे. आणि सगळ्यात खाली, मोठ्या बरणीत, ब्रोमाइड. पांढरे स्वच्छ खडे. ती बरणी आणि आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी शेजारी ठेवली असती तर कुणालाही फरक सांगता आला नसता. तुम्ही ते पाण्यात विरघळवायचात, त्यात संत्र्याचं सरबत आणि लाल रंग घालायचात, आणि शिशीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचात, एका खाचेपर्यंत एक वेळचं औषध. दारावरची पाटी आधी शिंदे सरकारची होती, मग मध्यभारताची झाली. तुम्ही म्हणायचात, पाटी रंगवणाऱ्याची चांदी आहे, आपलं ब्रोमाइड आहे तेच आहे.

त्या ब्रोमाइडवर आत्या जगत होती. तिला लहानपणापासून मिरगी. ती लपवून तिचं लग्न केलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी ती बरोबर ओळखली आणि तिला टांग्यात घालून आपल्या दारात आणून सोडली. आई तेव्हा नुकतीच गेली होती, म्हणजे घराला बाईमाणूस हवंच होतं. तुम्ही तिला एक शब्द विचारला नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी लाल औषधाची शिशी आणून देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात ठेवलीत. तीन वेळा एकेक खाच. फिट येणं जवळजवळ थांबलं. आत्याने मला वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, मला गणितात मार खाण्यापासून वाचवलं. शेजारणींना ती म्हणे, माझी दवाई माझा भाऊ हाताने करतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात तुम्ही विषमज्वराने अंथरुणाला खिळलात. गोपाळमंदिरापाशी दिवे लागले, मिरवणुका निघाल्या, आणि आम्ही दोघी तुमच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत बसलो. आत्या एक दिवस हरसिद्धीला जाऊन आली. आल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली की तिने नवस बोलला आहे. दादा उठला तर जोवर दादा आहे तोवर दर चातुर्मासात मीठ सोडीन. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अळणी. तुम्ही उठलात. डॉक्टरांनी श्रेय स्वतःकडे घेतलं, आत्याने देवीला दिलं, आणि मला दोघांशी भांडायचं कारण नव्हतं.

पुढच्या आषाढीला तिने मीठ सोडलं. तिचा स्वयंपाक मीच वेगळा करत असे. आधी वरण-भात काढून ठेवायचा, मग आपल्या दोघांच्या पातेल्यात मीठ. मला त्याचा अभिमान वाटे, हेही सांगून टाकते. त्या वेळी तिने तुम्हाला एकदा विचारलंही होतं. औषध जिभेला खारट लागतं, "दादा, यात मीठ तर नाही ना?" आणि तुम्ही म्हणालात, "नाही. याची चवच तशी आहे." ते खरं होतं.

श्रावण संपता संपता ती अडखळून बोलू लागली. भाद्रपदात चालताना भिंत धरू लागली. तोंडावर, पाठीवर मोठमोठ्या पुटकुळ्या उठल्या. आंघोळ झाली की नाही तिला आठवेना, दिवसातून चार वेळा विहिरीवर जाई. मग खिडकीत तिला तिचा नवरा दिसू लागला. त्याला ती पाणी नेऊन देई आणि त्याने घेतलं नाही म्हणून माझ्यावर रागवे. गल्लीत बोललं जाऊ लागलं की पागलखान्याच्या कंपाउंडरच्या घरातच पागल निघाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी मात्रा वाढवायला सांगितली. तुम्ही वाढवलीत. ती आणखी बिघडली. पुन्हा वाढवलीत. शेवटी एक दिवस तुम्हीच तिला टांग्यात बसवून घेऊन गेलात आणि बायकांच्या वॉर्डात ठेवलीत, आणि घरी येऊन जेवायला बसलात ते न जेवताच उठलात. इतके दिवस तुम्ही त्या वॉर्डच्या दारातून शिश्या आत देत होतात. आता त्या दारापलीकडे तुमची बहीण होती, आणि ती तुम्हाला ओळखत नव्हती.

मी रोज तिचा डबा नेत असे. अळणी. ती वेडी झाली म्हणून तिचा नवस मोडायचा, हे मला पटलं नसतं. त्याच महिन्यात नवे डॉक्टर आले. दोन संस्थानं एक झाली तशी माणसंही इकडची तिकडे झाली होती, आणि तुम्ही सगळ्या इस्पितळात सांगत होतात की शिंद्यांच्या इस्पितळात होळकरांचा डॉक्टर आला. तो उंच, वाळका, इंदूरचा माणूस आत्याच्या खाटेपाशी बराच वेळ उभा राहिला. तिची पाठ पाहिली, जीभ पाहिली, आणि मग माझ्या हातातल्या डब्याकडे बोट करून विचारलं, यात काय आहे? मी सगळं सांगितलं. अळणी म्हणताना माझा आवाज जरा चढलाही असेल. ते तुमच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "कंपाउंडर साहब, नमक नहीं जाएगा तो ब्रोमाइड निकलेगा कैसे?"

तुम्ही तो डबा माझ्या हातातून घेतलात. शरीर मीठ आणि ब्रोमाइड यांत फार फरक करत नाही, मीठ मिळालं नाही की ते ब्रोमाइडलाच धरून बसतं, हे मी पुढे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. पण पहिल्यांदा मला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. आत्याला वेड लागलं नव्हतं. ती आपल्या भावाच्या आयुष्यासाठी मीठ सोडून बसली होती आणि भाऊ तिला चमच्या चमच्याने विष पाजत होता. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, औषध बंद करा, कार्तिकी जवळ आलीच आहे, मीठ सुरू झालं की उतरेल. आणि तसंच झालं. मार्गशीर्षात आत्या घरी आली, अंगणात शेणाचा सडा घातला, आणि माझ्या वेणीचा पेड नीट नाही म्हणाली. हा सगळा नवसाचा प्रताप, असं तिने गल्लीभर सांगितलं.

पण दुसरी आषाढी येणारच होती. ब्रोमाइड सोडून पाहिलं. फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या, त्या आपल्याकडे कधी येत, कधी महिनोन्‌महिने येत नसत. कुठलं सामान कुठल्या गोदामातून मागवायचं हेच त्या दिवसांत कुणाला कळत नव्हतं. अशाच एका खाड्यात तिला चुलीपाशी फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा पुन्हा लाल शिशी. तुम्ही तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलंत, लहान मुलीला सांगावं तसं. आपल्या भटजींना घरी बोलावलंत. त्यांनी शास्त्राचा आधार देऊन सांगितलं की औषध म्हणून घेतलेल्या वस्तूने व्रत मोडत नाही. आत्याने ऐकून घेतलं. भटजींना दक्षिणा दिली. मग तुम्हाला म्हणाली, "दादा, मी मीठ खाल्लं आणि तुला काही झालं, तर हे भटजी येऊन राहिलेत का मला तोंड दाखवायला?"

"आणि तू पुन्हा त्या वॉर्डात गेलीस तर?" तुम्ही विचारलंत.

"तर जाईन. तू आहेस ना तिथे."

माझ्यापाशी यावर उत्तर होतं. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टींवर माझ्यापाशी उत्तर असे. आत्या देवळात गेली तेव्हा मी तुम्हाला म्हटलं की वरणात मी थोडं थोडं मीठ घालत जाईन, रोज कणभर वाढवत, तिला समजणारही नाही. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगाराल असं वाटलं. "तिच्या ताटाला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात. "ती तुझ्यावर डोळे मिटून जेवते." मला फार लागलं ते. मी आतल्या खोलीत जाऊन बसले आणि तुम्ही किती जुनाट विचारांचे आहात याबद्दल मनात मोठं भाषण केलं.

आषाढीच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि तुम्ही स्वयंपाकघरात आलात. तुम्ही कधी तिथे येत नसा, पाणीसुद्धा दारातून मागत असा. हातात आत्याची नवी भरलेली शिशी होती. तुम्ही मिठाची बरणी खाली काढलीत, खिशातून तुमचा शिंगाचा चमचा काढलात, तोच जो तुम्ही औषधं मोजून घ्यायला वापरत होतात, आणि मोजून मीठ शिशीत टाकलंत. बूच लावलंत, शिशी उलटीसुलटी केलीत, उजेडात धरून पाहिलंत. मीठ विरघळलं की दिसत नाही. मी विचारलं, "अण्णा, काय करून राहिलात?" तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांना विचारून करतो आहे." मी म्हटलं, मग वरणात का नको? तेव्हा तुम्ही बरणी जागेवर ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता बोललात. "ताट तुझ्या हातचं. शिशी माझी. पाप असेल तर शिशीत राहील."

दोनेक दिवसांनी तिने विचारलंच. गेल्या वर्षीपेक्षा जास्त खारट लागतंय, दादा, मीठ तर नाही ना? मी चुलीपाशी होते. तुम्ही पेपर वाचत होतात, तो खाली केला नाहीत. "नाही. याची चवच तशी आहे." शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आत्याने शिशी कोनाड्यात ठेवली आणि हात जोडले. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तुम्हाला खोटं बोलायची मुळीच सवय नव्हती.

त्यानंतरचे सगळे चातुर्मास आत्या ठणठणीत राहिली. मी अळणी वरण काढून ठेवत गेले, तुम्ही शिशी भरत गेलात. त्याबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही. महाकालाची सवारी निघे तेव्हा ती घाटावर दोन तास आधी जाऊन जागा धरी. राखीला तुमच्यापुढे पाट मांडून ओवाळताना तिच्या डोळ्यांत असा काही भाव असे की मला खिडकीबाहेर बघावं लागे. या माणसाला मी जिवंत ठेवलं आहे, असा. आणि तुमच्याही डोळ्यांत साधारण तोच असे. मी मधे उभी राहून दोघांना पेढा देई. मला गंमत वाटायची, आणि वाईटही वाटायचं, आणि घरात आपण सगळे असेच राहावं असं वाटायचं.

मी एम.एस्सी.ला गेले तेव्हा तुम्ही मला तो शिंगाचा चमचा दिलात. धातूचा गंजतो, हा गंजत नाही, एवढंच म्हणालात. मग चातुर्मासात शिशीत मीठ कशाने टाकत होतात, हे मी विचारलं नाही. पाटी पुन्हा बदलली, मध्यप्रदेश झालं. मुंबईहून नव्या पांढऱ्या गोळ्या येऊ लागल्या, क्लोरप्रोमाझीनच्या, आणि वॉर्डांतला आरडाओरडा उतरला. पॅराल्डिहाइडच्या बाटल्यांवर धूळ बसली. तुमच्या शर्टांचा वासही गेला. तुम्ही गल्लीत शिरलात तरी आत्याला कळत नसे, आणि भात कधी आधी उतरे, कधी उशिरा. ती कुरकुरायची, दादा आता चोरासारखा येतो.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या भाद्रपदात तुम्ही औषधखोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. हृदय बंद पडलं. त्यात कुणाचा दोष नव्हता. तुमचे वडीलही तसेच आणि त्याच वयात गेले होते, आणि तुम्ही रोज ऊन-पाऊस न बघता ती चढाची वाट सायकलने जात होतात. तेरावं झालं, पाहुणे गेले, घरात आम्ही दोघी उरलो. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं आत्याचं वरण आधी काढून ठेवलं आणि तिचं पान वाढलं. ती बसली. मग म्हणाली, "मीठ वाढ."

मी म्हटलं, "आत्या, चातुर्मास संपला नाही अजून."

"कुणासाठी सोडू आता?"

मी बरणी आणली आणि तुमच्या त्या शिंगाच्या चमच्याने तिच्या पानात वर, जिथे वाढतात तिथे, मीठ वाढलं. तिने त्याला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू माझा स्वयंपाक करत होतीस. खरं सांग. माझ्याकडून कुठे खाडा झाला होता का? चुकून? एखाद्या दिवशी? तो असा अचानक कसा गेला?"

कोनाड्यात तुमची शेवटची शिशी होती. अर्धी भरलेली, पट्टीच्या निम्म्या खाचा उरलेल्या.

मी तिला नाही म्हटलं. एकदाही नाही, आत्या. माझ्या हातून तर नाहीच. हे शेवटचं वाक्य खरं होतं, तुम्ही मला रागावला होतात म्हणून खरं राहिलं. तिने मोठा श्वास सोडला. "मग त्याचं आयुष्यच तेवढं होतं," असं म्हणून तिने मीठ भातात कालवलं आणि इतक्या वर्षांनी भाद्रपदात खारट घास खाल्ला, आणि तेव्हा कुठे ती रडली. पुढे ती खूप जगली. मिरगीच्या नव्या गोळ्या घेत होती, शेवटपर्यंत शुद्धीत होती, आणि आपण व्रत पुरं पाळलं या समाधानात गेली. ते समाधान तुमचं काम होतं, माझंही थोडं.

सांगायचं राहिलं होतं ते हे नाही. हे तुम्हाला कुठूनही कळलं असतं तर तुम्ही मान हलवली असती. राहिलं आहे ते असं की तिने विचारल्यावर मी लगेच नाही म्हटलं नव्हतं. मी कोनाड्याकडे पाहिलं. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तुमच्या हृदयाबद्दल डॉक्टरांशी स्वतः बोलले होते, ब्रोमाइड शरीरातून कसं निघतं ते मला पाठ होतं. आणि तरीही, अण्णा, तेवढ्या वेळापुरतं, शिशीकडे बघताना, मला वाटलं की झाला होता खाडा. रोज तीन वेळा, इतकी वर्षं.